पहिली प्रत दादाला

आमचा काका दिसायला असा, की रांगेत कुणीही खुशाल त्याच्या पुढे घुसावं आणि वर त्यालाच म्हणावं, जरा मागे सरका. तो सरकतो. उंची बेताची, चष्मा जाड, आणि शर्टाच्या खिशात गुंडाळलेली शिंप्याची टेप. ही टेप गेल्या वर्षी आली. त्याआधी त्या खिशात पेन असायचं, तेही गळकं. टेप का आली हे मला बरेच जण विचारतात आणि मी दर वेळी विषय बदलते. आज सांगून टाकते, कारण या गोष्टीत माझंही एक वाक्य आहे आणि ते मला अजून टोचतं.

आमचं बुटांचं काम आहे. दुकान नव्हे. दुकानातले बूट ज्यांना चालत नाहीत, त्यांचे बूट आम्ही करतो. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, तर कुणाच्या तळपायाला मधुमेहामुळे काही कळेनासं झालेलं. घराला लागूनच दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाची उंच खुर्ची आणि तिच्यासमोर बाबांचं बुटकं स्टूल. मागच्या खोलीत चामडं, टोचायच्या आऱ्या, कापायची रापी, सरसाचा डबा, आणि खिडकीशी कॉम्प्युटर. बाबा चाळीस वर्षं त्या स्टुलावर बसून लोकांचे पाय मांडीवर घेत आले. आई म्हणायची, "यांनी माझा चेहरा बघितला असेल की नाही देव जाणे, पण पाय बघून पसंत केलंय."

काका बाबांहून अकरा वर्षांनी लहान. आजोबा लवकर गेले, त्यामुळे त्याचा बाप, भाऊ आणि मास्तर सगळं बाबाच. बाबा त्याला अजूनही 'छोट्या' म्हणतात. छोट्याचं टक्कल पडलंय ते सोडा. शाळेतून आला की तो स्टुलाशेजारी जमिनीवर बसायचा आणि बाबा आकडे सांगतील तसे वहीत लिहायचा. मापं लिहिता लिहिता तो गणितात पुढे गेला, पुढे कॉम्प्युटरचं शिकला आणि दुसऱ्या शहरात एका चार माणसांच्या कंपनीत लागला. तिथे त्याने जे पहिलं काम अंगावर घेतलं, ते बाबांच्याच डोक्यातलं. पायाची मापं भरायची, दुखरी जागा कुठे ते सांगायचं, की बुटाच्या आतली गादी कशी कापायची त्याचा पुरा आकार कागदावर छापून मिळायचा. गादीत महत्त्वाचा असतो तो खळगा. जिथे हाड टेकतं आणि जखम होऊ शकते, तिथे गादी पोकळ ठेवायची, म्हणजे भार आजूबाजूला जातो. हा खळगा नेमका कुठे हवा, हे बाबा बोटाने चाचपून सांगत. काकाने ते बोट सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं. त्यासाठी दोन वर्षं तो दर सुट्टीत येऊन बाबांच्या मागे लागला होता. हे असंच का, ते तसंच का. बाबा वैतागायचे, पण मनातून खूष असायचे.

सॉफ्टवेअर चाललं. आमच्यासारखं काम करणाऱ्या कितीतरी लोकांनी घेतलं. काकाने एक रीत पाडून घेतली: नवी आवृत्ती तयार झाली की गिऱ्हाइकांना जायच्या आधी पहिली प्रत दादाला. पाकिटावर स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहायचा, 'पहिली प्रत दादाला.' बाबा ते पाकीट जपून ठेवायचे. आतली तबकडी मात्र बहुतेक वेळा तशीच पडून असायची. त्यांचं म्हणणं, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. आमच्याकडे जी आवृत्ती चालली, ती पंधरा वर्षं चालली.

ती कुठली आवृत्ती होती, इथेच सगळी गोम आहे.

झालं असं, की सॉफ्टवेअरची चोरी होऊ लागली. परवाना कॉम्प्युटरच्या डिस्कच्या नंबराला बांधलेला होता. पण चोर हुशार. त्यांनी काय करावं, तर एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात डिस्क खोटी, मेमरी खोटी, सगळं सोंग, आणि आतल्या सॉफ्टवेअरला वाटतं आपण खऱ्या घरात राहतोय. खोट्या डिस्कला हवा तो नंबर देता येतो. एकाने परवाना घ्यायचा आणि त्या सोंगाच्या प्रती बाराजणांनी वाटून घ्यायच्या. कंपनीच्या मालकीणबाईंनी काकाला सांगितलं, आपण सोंगात आहोत हे सॉफ्टवेअरला ओळखता आलं पाहिजे, आणि ओळखलं की त्याने सरळ नकार द्यावा.

कसं ओळखतात, ते मी काकाला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "एखाद्याच्या दारात जाऊन 'आपलं नाव काय?' असं विचार. मालक स्वतः दारात असेल तर उत्तर पटकन येतं. दारात नोकर असेल तर तो आत जातो, मालकाला विचारतो, परत येतो आणि सांगतो. नाव तेच, पण उशीर होतो. मी प्रोसेसरला नाव विचारायचो आणि उशीर मोजायचो." शिवाय खोट्या डिस्कवर, खोट्या नेटवर्क कार्डावर ती बनवणाऱ्यांची खूण राहून जाते, तीही तो बघायचा. सोंग ओळखायला त्याने सात परीक्षा लिहिल्या. सांगताना त्याचे डोळे चमकत. अंगठीतला खडा काचेचा आहे हे नुसत्या वजनावरून ओळखणाऱ्या सोनाराचे चमकावेत तसे.

सोंग ओळखलं की सॉफ्टवेअर पाटी दाखवायचं: 'हे मशीन खरं नाही.' आणि बंद पडायचं. चोरांनी आठवड्यात ती पाटी कापून काढली. पाटी दिसते म्हणजे ती कुठून येते ते शोधता येतं. काकाला हे फार लागलं. आपल्या हुशारीवर कुणी थुंकल्यासारखं. मग त्याने जे केलं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने पाटी काढून टाकली. सोंग ओळखल्यावर सॉफ्टवेअर काहीच बोलणार नाही. नव्वद दिवस गुण्यागोविंदाने चालेल. त्यानंतर दर तिसऱ्या गादीत खळगा दोन ते चार मिलिमीटर सरकवेल. पडद्यावरचे आकडे बरोबर, कागदावर छापलेले आकडे बरोबर, फक्त रेषा सरकलेली. दर तिसऱ्याच गादीत का? कारण प्रत्येक गादी चुकली तर माणूस सॉफ्टवेअरवर संशय घेईल. कधी बरोबर, कधी चूक आली, की तो स्वतःच्या हातावर संशय घेईल.

हे त्याला कुठून सुचलं? जमिनीवर बसून मापं लिहिणाऱ्या छोट्याला बाबांनी शंभरदा सांगितलं होतं, "बूट परत आला की आधी आपला हात तपासायचा. चामड्याला दोष देतो तो कारागीर नव्हे." त्याने तेच वाक्य घेतलं आणि त्याचा सापळा केला.

रिवाजाप्रमाणे पहिली प्रत दादाला गेली. आणि त्या एका वेळी, नेमक्या त्याच वेळी, बाबांनी ती तबकडी घातली, कारण जुन्या आवृत्तीत छपाईची काहीतरी कटकट होती. आठ दिवसांनी काकाने मालकीणबाईंना आपला पराक्रम रंगवून सांगितला. शाबासकी मिळेल अशी त्याची खात्री. बाई खुर्चीतून उठल्याच.

"सॉफ्टवेअर चोराचं असेल. पाय कुणाचा असतो?"

त्याच दिवशी सापळा काढला गेला आणि गिऱ्हाइकांना गेली ती स्वच्छ आवृत्ती. म्हणजे तो सापळा जगात फक्त एका ठिकाणी उरला. आमच्या मागच्या खोलीत, खिडकीशी.

काकाने तेव्हाच नवी तबकडी पाठवायला हवी होती. पाठवली नाही. पाठवली असती तर बाबांनी विचारलं असतं, आठ दिवसांत काय बदललं रे? आणि छोट्याला आपण केलेलं दादाला सांगायची लाज वाटत होती. त्याने मनाची समजूत घातली: सापळा खोट्या मशीनसाठी आहे, दादाचं मशीन खरं आहे, मग बिघडलं कुठे? पुढे कंपनी बंद पडली, काका दुसरीकडे लागला, वर्षं गेली आणि ही गोष्ट त्याच्या मनाच्या तळाशी बसली.

पंधराव्या वर्षी आमचा कॉम्प्युटर मेला. धूर काढून मेला. गल्लीच्या तोंडाशी एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे, त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो येतो तेव्हा आधी मान हलवतो. डॉक्टरने मान हलवली. म्हणाला, नव्या कॉम्प्युटरवर हे जुनं सॉफ्टवेअर चढणार नाही, पण डिस्क शाबूत आहे. मग त्याने डोकं लढवून जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या कॉम्प्युटरच्या आत एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवलं आणि डिस्कचा नंबरही जुनाच ठेवला. त्याचा हेतू चांगला होता. आम्ही चोर नव्हतो. पडद्यावरच्या एका चौकटीत आमचा जुना पडदा जसाच्या तसा उघडला, तेव्हा बाबा लहान मुलासारखे हसले.

मी काकाला फोन केला. "काका, तुझं सॉफ्टवेअर वाचलं. जुना कॉम्प्युटर आता नव्याच्या पोटात चालतो."

त्याने विचारलं, "आवृत्ती कुठली आहे गं?"

"मला काय माहीत? हिरव्या चित्राची."

"हिरवीच ना? मग ठीक आहे." हिरव्या तर सगळ्याच होत्या. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, हे त्याने नंतर कबूल केलं. दादाने मधल्या वर्षांत नवी तबकडी घातली असेलच, असं तो धरून चालला. पुढच्या सुट्टीत गेलो की बघू, म्हणाला. सुट्टी आली तेव्हा विसरला.

नव्वद दिवस बरे गेले.

मग एक शिक्षिका परत आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, डावा पाय आखूड. म्हणाल्या, "यावेळी टाचेशी घासतंय हो, तसं काही विशेष नाही." बाबांनी बूट उघडला, गादी काढली, उलटीपालटी करून बघितली. कागदाशी ताडून बघितली. कागदाप्रमाणेच कापली होती. आकडे वहीशी जुळत होते. "माप घेताना माझंच बोट हललं असणार," ते म्हणाले आणि नवी करून दिली. नवी चांगली बसली. साहजिकच, तिची पाळी तिसरी नव्हती.

त्यानंतर एक टपालवाला, मग एक आजी, मग एक स्वयंपाकी. मध्ये काहीजण खूष, मग एखादा लंगडत परत. बाबांनी चष्मा बदलला. दिव्याखाली आणखी एक दिवा लावला. एकच पाय तीनतीनदा मोजू लागले, इतकं की गिऱ्हाईक कंटाळायचं. काकाला कळलं तेव्हा तो त्यांना आपल्या शहरात घेऊन गेला, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे. दोघं भाऊ तिथल्या बाकावर अडीच तास बसले. डोळे ठीक निघाले. हात थरथरतो का तेही बघितलं, थरथरत नव्हता. काका त्यांना गाडीत बसवून देताना म्हणाला, "दादा, वय झालं की होतं असं." बाबांना या वाक्याचा धक्का बसला, असं आई म्हणते. छोट्यासुद्धा असं म्हणतो म्हणजे खरंच असणार.

शेवटचा आला तो घड्याळवाला. समोरच्या रस्त्याला त्याचं टेबलाएवढं दुकान, भिंगवाला चष्मा कपाळावर चढवलेला. मधुमेहामुळे त्याच्या पावलांना काही कळत नव्हतं, म्हणून घासतंय हे त्याला समजलंच नाही. महिन्याने मोजा काढला तर अंगठ्याशेजारच्या बोटाखाली खोल जखम. ती चिघळली. बोट कापावं लागलं.

बाबा दवाखान्यात गेले, त्याच्या खाटेशी उभे राहिले आणि हात जोडले. तो म्हणाला, "अहो, काय हे, नऊ आहेत अजून." बाबा घरी आले, मागच्या खोलीत गेले आणि रापी पुसून हत्यारांच्या डब्यात ठेवू लागले. मी दारात उभी होते. त्यांनी वर बघितलं. त्या बघण्यात काहीतरी प्रश्न होता, हे मला आता कळतं. तेव्हा मी घाबरले होते, रागावले होते, उद्या आणखी कुणाचं बोट जाईल म्हणून धास्तावले होते.

मी म्हणाले, "बाबा, आता पुरे. हात थांबवा."

त्यांनी डबा बंद केला. त्यानंतर दोन वर्षं तो त्यांनी उघडला नाही.

दोन वर्षं काय केलं त्यांनी? सकाळी पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचे, स्टुलावर नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघायचे. आई त्यांना कामं लावायची, भाजी निवडा, दिवा बदला. पेला हातातून निसटला की म्हणायचे, "बघ, म्हटलं नव्हतं?" पेले माझ्याही हातून निसटतात, पण मला कुणी 'म्हटलं नव्हतं' म्हणत नाही. मी वायरीच्या कंपनीत हिशेबनीस होते, ती नोकरी चालू होती. बुटांचं काम मात्र बंद होतं. फक्त दर आठवड्याला एकदा बाबा कपाटातून पट्ट्या आणि मलम घेऊन बाहेर जायचे. कुठे जाता विचारलं तर म्हणायचे, "इथेच."

गेल्या वर्षी मी ठरवलं, मागची खोली रिकामी करायची. कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकावा. पण त्यात शेकडो लोकांच्या पायांची मापं होती, ती आधी नीट काढून ठेवायला हवी होती. काका आला. सकाळी चहा घेऊन मागच्या खोलीत गेला. अर्ध्या तासाने मी डोकावले तर त्याने चहाला हात लावलेला नव्हता. पडद्यावर एका कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा होता. तो त्या आकड्याकडे बघत होता.

"तुझ्या आईची टेप दे," तो म्हणाला.

बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाचा छापलेला कागद वर्षावार गठ्ठे बांधून ठेवायचे. काकाने शेवटच्या वर्षाचा गठ्ठा सोडला, कागद जमिनीवर पसरले आणि गुडघ्यांवर बसून मोजू लागला. एक कागद, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर थांबला. चौथा, पाचवा, सहावा. सहाव्यावर थांबला. तो काय करतोय मला कळेना, पण त्याचा चेहरा बघून विचारायची हिंमत होईना. दुपारपर्यंत त्याने सगळे कागद मोजले. चुकलेले एका बाजूला ठेवले. घड्याळवाल्याचा कागद सगळ्यांत वर होता. साडेतीन मिलिमीटर.

मग त्याने मला सगळं सांगितलं. जमिनीवर बसूनच, लहानपणी बसायचा तसा. मी त्याला इतकं बोलले, की ते इथे लिहिता येणार नाही. आई स्वयंपाकघरातून येऊन ऐकत होती. तिने एकच म्हटलं, "भावजी, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. आणि संन्यासी कोण, तर सख्खा भाऊ."

काका म्हणाला, "दादाला मी सांगतो. आत्ता."

बाबा जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होते. काका समोर बसला. टेप त्याच्या हातातच होती, तो ती गुंडाळत होता आणि उलगडत होता. त्याने काही लपवलं नाही. चोर, पाटी, सापळा, दर तिसरी गादी, आणि दर तिसरीच का तेही. "तुझंच वाक्य होतं दादा. आधी आपला हात तपासायचा. मी त्याच्यावरच बेतलं."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. घडीवर घडी, अगदी लहान होईपर्यंत. मग विचारलं, "म्हणजे माझे हात बरोबर होते?"

"होते, दादा."

"शिक्षिकाबाईंच्या वेळी?"

"तेव्हाही."

"घड्याळवाल्याच्या वेळी?"

काकाने होकारार्थी मान हलवली.

बाबा उठले. मागच्या खोलीत गेले, दोन वर्षांनी डबा उघडला, रापी घेतली. चामड्याचा एक तुकडा ओढला, खडूने त्यावर पावलाची रेघ काढली. ती रेघ सुंदर आली, मी शपथेवर सांगते. मग रापी चालवली. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर पातं रेघेच्या बाहेर गेलं. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. तिथेही गेलं. दोन वर्षं ज्या मनगटाने फक्त भाजी निवडली, त्याला आता रापी जड झाली होती.

त्यांनी रापी खाली ठेवली. "आता खरंच गेले," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. काका भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, हुंदके देत.

बाबांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "माझं राहू दे, छोट्या. घड्याळवाल्याला सांगितलंस का?"

मी काकाबरोबर गेले. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात, आम्हाला वीस लागली. तो तीनदा परत फिरला. घड्याळवाल्याने भिंग कपाळावर चढवून सगळं ऐकून घेतलं. टेबलाखाली त्याचा पाय एका खोक्यावर ठेवलेला होता, पांढऱ्या स्वच्छ पट्टीत. मधुमेहामुळे ती जखम अजून पुरती भरली नव्हती.

"चोराचं घड्याळ दुरुस्तीला आलं," तो शेवटी म्हणाला, "तरी मी बरोबरच लावतो. वेळ काय त्याच्या एकट्याची असते?"

काका म्हणाला, "माझी चूक झाली. माफ करा, असं म्हणायचीही मला लाज वाटते."

"माफीचं बघू. मला वेळ लागेल." तो आपल्या पायाकडे बघत होता. "दोन वर्षं तुमचे दादा दर आठवड्याला येऊन हा पाय धुतात, पट्टी बदलतात. मी कितीदा म्हटलं, अहो, राहू द्या. म्हणतात, माझ्या हातून झालंय. त्यांच्या हातून झालं नव्हतं, मग आता मी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?"

आम्ही परत आलो. काकाने दोन महिन्यांत आपल्या शहरातलं बिऱ्हाड आवरलं आणि आमच्याकडे राहायला आला. मीही नोकरी सोडली. बुटांचं काम पुन्हा सुरू झालं. आता रापी मी चालवते, अजून बाबांच्या निम्म्याही सफाईने नाही. सॉफ्टवेअरमधला सापळा काकाने काढला, तरी एकही कागद तो तसाच कापू देत नाही. खिशातून टेप काढतो, खळग्याची प्रत्येक रेघ मोजतो, मग वहीत सही करतो आणि मगच कागद माझ्या हातात देतो. गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला? तो सांगतो. दर वेळी सगळं सांगतो, आपलं नाव धरून. काहीजण बूट न करताच उठून जातात. तो त्यांना दारापर्यंत सोडायला जातो.

त्याने निदान कबूल केलं. मी केलं नव्हतं. गेल्या आठवड्यात बाबा पट्ट्या आणि मलम पिशवीत भरत होते, आता त्यांना कुठे जाता विचारावं लागत नाही. मी धीर केला.

"बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले होते, हात थांबवा."

"हो," ते म्हणाले. "आठवतं मला."

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे गं, तुला तरी काय माहीत होतं. लहानपणापासून ते मला असंच म्हणत आलेत. त्यांनी पिशवीचा बंद ओढला, गाठ मारली, ती सुटली म्हणून पुन्हा मारली.

"मी तुझ्याकडे बघितलं होतं. म्हटलं, ही तरी म्हणेल, बाबा, तुमचा हात चुकणार नाही, ते यंत्र बघा. एवढं म्हणाली असतीस ना, तर मी थांबलो नसतो."

बाबांनी चपला घातल्या, पिशवी उचलली आणि काकाला हाक मारली.

"छोट्या, चल. घड्याळवाला वाट बघत असेल."